सूयाकची बस येईपर्यंत

कुंती काकीने घरात रेडिओ कधी घेतला नाही. पोर्ट लुईत तेव्हा ज्याच्या त्याच्या घरी रेडिओ आला होता. ज्यांच्याकडे धड खुर्ची नव्हती त्यांच्याही कपाटावर विणलेलं फडकं पांघरून तो बसलेला असे. काकी मात्र शेजारच्या भगवतीचा रेडिओ लागला की हातातलं टाकून नळावर निघून जाई. आमच्या बेटावर रोज सकाळी रेडिओवर मयतांची नावं वाचतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, अंत्ययात्रा किती वाजता. लोक चहाचा कप तोंडाशी धरून ऐकतात आणि आपल्यातलं कोणी नाही असं कळलं की पुढचा घोट घेतात. 

साठ सालच्या वादळात तिचा नवरा सत्यदेव गोदीतून परतला नव्हता. तीन दिवस ती चिखलातून, उडालेल्या पत्र्यांमधून त्याला शोधत फिरली. चौथ्या दिवशी सकाळी भगवतीच्या रेडिओवर त्याचं नाव आलं. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. त्यानंतर ती वाऱ्याला भ्यायची, दारावरच्या थापेला भ्यायची, पोस्टमनला भ्यायची. पुढे ओळख झाल्यावर मी तिची थट्टा करायचो की काकी, तू भीत नाहीस अशी एक तरी गोष्ट सांग. ती विचार करून म्हणे, "चूल."

चूल हेच तिचं सगळं होतं. तेराव्याला सूयाकहून तिचा थोरला भाऊ देवराज आला आणि बोचकं बांध म्हणाला. ती नाही म्हणाली. सत्यदेवचे गोदीतले सोबती तिच्याकडे जेवायला येऊ लागले होते, त्यातून पोट भरेल असं तिला वाटत होतं. देवराज तापट माणूस. सूयाकसारख्या गावात, जिथे चार मराठी घरं एकमेकांच्या चुलीत काय शिजतं हे जाणून असतात, तिथे आपली विधवा बहीण बंदरावर हमालांना वाढते हे त्याला सांगायचं नव्हतं. दारात उभा राहून तो म्हणाला, "हमालांना वाढणारी भैन मला नाय. मी मेलो असं समज." आणि गेला. सहा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. काकीने त्याचं नावही कधी कोणापाशी काढलं नाही.

आता मी या गोष्टीत कसा आलो ते सांगतो, कारण सगळा घोळ माझ्यामुळे झाला. मी सुरेंद्र, सरकारी कचेरीत कारकून. अक्षर चांगलं म्हणून मला मराठी मंडळांच्या परिषदेचा चिटणीस केलं होतं. चिटणीस म्हणजे काय, तर अध्यक्षांनी हौस करायची आणि चिटणिसाने निस्तरायचं. आमचे अध्यक्ष चंद्रमोहन बाबू वकील होते. सहासष्ट साली त्यांच्या मनात आलं की परिषद शाळेच्या पडवीत न भरवता शहरातल्या मोठ्या हॉटेलात भरवावी. आपण काय कोणापेक्षा कमी आहोत? हॉटेलच्या मॅनेजरने दिवाणखाना स्वस्तात दिला आणि दोन अटी घातल्या. आत बाहेरचं अन्न आणायचं नाही, आणि पायऱ्यांवर बसून शिदोऱ्या सोडायच्या नाहीत.

हॉटेलचं स्वतःचं जेवण होतं. त्याचं दरपत्रक मी पाहिलं आणि हळूच परत टेबलावर ठेवलं. एका ताटाच्या किमतीत गावाकडचं घर आठवडाभर जेवलं असतं, आणि त्या ताटात पहिल्या वाटीपासून शेवटच्या वाटीपर्यंत मांस होतं. आमची परिषद गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. सगळ्या गावांचा कारेम चाललेला, म्हणजे मांस-मासळी बंद, बाहेरचं पाणीसुद्धा विचार करून प्यायचं. पहाटे अंधारात निघून बसने येणारी चाळीस माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. त्यांना दुपारी हॉटेलाजवळ कुठेतरी, परवडेल असं, कारेमाचं जेवण हवं होतं. आणि ते शोधायचं मी.

मी आठवडाभर हॉटेलाभोवतीच्या गल्ल्या पिंजून काढल्या. बिर्याणीवाल्याकडे वास असा की माझाच कारेम मोडायचा. चहाच्या दुकानांत गातो पिमां, आपल्या डाळीच्या मिरचीवड्यांची धाकटी भावंडं, पण त्यावर चाळीस माणसं दिवसभर कशी काढणार? मागच्या गल्लीत मिस्ये ली यांची चिनी खानावळ होती. जागा मोठी, दर बेताचे. मी खुशीत बोलणी करू लागलो तसे ते थांबवून म्हणाले की भाज्या मी उत्तम करीन, पण तुमचे म्हातारे मला कढईबद्दल विचारतील, आणि मी खोटं बोलणार नाही. मग त्यांनीच बोट दाखवलं. बाजारामागच्या लाकुरात, म्हणजे पत्र्याच्या घरांच्या सामाईक अंगणात, एक मराठी बाई आहे, तिच्या चुलीवर सहा वर्षांत अंडंसुद्धा चढलेलं नाही.

कुंती काकीने चाळीस आकडा ऐकला आणि ती मटकन पायरीवर बसली. एवढी भांडी कुठली, एवढी माणसं बसवू कुठे, भात करपला तर, पाऊस आला तर. मी म्हटलं ताडपत्री बांधू, गोणपाटं अंथरू, केळीची पानं आणू. मग तिने सगळ्यात मोठी भीती सांगितली. ही गावची मोठी माणसं, माझ्या हातचं जेवतील का?

मी तिला दोन दिवस विचार करायला दिले. तिसऱ्या दिवशी ती हो म्हणाली. का म्हणाली ते मला फार नंतर कळलं. चाळीस गावांची चाळीस प्रतिष्ठित माणसं तिच्या अंगणात बसून जेवून गेली, तीही कारेमात, की ही गोष्ट बेटभर होणार होती. सूयाकलाही पोचणार होती. देवराजच्या कानावर जाणार होती. त्या एका पंगतीकडे ती सहा वर्षं डोळे लावून बसली होती आणि तिला ते माहीतही नव्हतं.

परिषदेच्या दिवशी ती पहाटे चारला उठली. अंघोळ करून चुली पेटवल्या, भोपळा चिरला, अंगणाच्या कडेला रोशकारी, म्हणजे आपला पाटा, धुऊन घेतला. तिची आमटी ही तिच्या आईची आमटी होती. भाजलेलं खोबरं आणि लाल मिरची पाट्यावर गंधासारखी वाटायची, चिंच घालायची आणि वरून कढीपत्त्याची फोडणी. खोबरं भाजत असताना पलीकडे भगवतीने रेडिओ लावला. एरवी काकी उठून नळावर गेली असती. पण खोबऱ्याचं असं आहे की पाठ वळवली की जळतं. चाळीस माणसांचं खोबरं. ती बसून राहिली आणि कानावर पडू नये म्हणून उलथनं जोरजोरात आपटत राहिली.

तरी ऐकू आलं. सूयाकचे देवराज भिवाजी. अंत्ययात्रा आज दुपारी साडेचार वाजता.

ती मला सांगत होती तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. म्हणाली, रडू आलंच नाही, आधी भय आलं. कारण पुढचं तिला लख्ख कळत होतं. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं तीन दिवस सुतक. आता या क्षणापासून तिचा हात विटाळला. त्या हाताने देवाचं करायचं नाही, कोणाला शिजवून वाढायचं नाही, आणि ज्यांना वाढायचं होतं ते चाळीसजण चार दिवसांनी आपापल्या गावात गणपतीच्या पाटासमोर बसणार होते.

पाणी ओतून चूल विझवावी म्हणून तिने तांब्या उचललाही. कोणी तिला बोल लावला नसता. पण चाळीस माणसं उपाशी राहतील, सुरेंद्र तोंडघशी पडेल. "खरं सांगते, तुझ्या तोंडाची पण भीती वाटली," असं ती मला म्हणाली, आणि मला अजूनही ते आठवलं की लाज वाटते, कारण मी तेव्हा फार करवादायचो. शिवाय हा दिवस पुन्हा येणार नव्हता. आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी राग होता. मी मेलो असं समज, तोच म्हणाला होता ना? मग सहा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं सुतक आज कसलं?

तिने तांब्या खाली ठेवला. खोबरं उतरवलं आणि वाटायला बसली. तेवढ्यात भगवती मदतीला आली. तिला बिचारीला देवराज कोण हे ठाऊकच नव्हतं. तिने विचारलं, डोळे का लाल? काकी म्हणाली, मिरची.

मी दहाच्या सुमारास फेरी मारली. ताडपत्री बांधून झाली होती, पानं पुसून ठेवली होती, सगळं यथास्थित होतं. फक्त काकीचा चेहरा पांढराफटक होता. मी म्हटलं, घाबरू नकोस, माणसं साधी आहेत. तिने विचारलं, "सूयाकचं कोण येणार हाय?"

मी यादी काढून सांगितलं की बलराम काका. तिने पुसलेली पानं पुन्हा पुसायला घेतली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, आले का? मी म्हटलं सूयाकची बस उशिरा आहे, रस्त्यात बिघडली म्हणतात. मला वाटलं, माहेरचं माणूस म्हणून बाई वाट बघते आहे. मी इतका खूश झालो की तिला भरवसा दिला, बलराम काका आले की थेट इथे आणतो आणि पहिल्या पंगतीत अगदी तुझ्यासमोर बसवतो. मूर्खाला शिंगं नसतात म्हणतात ते खरं.

बलराम काका म्हणजे सूयाकच्या मंडळाचे म्होरके, सत्तरीचे. साखर कारखान्यात भोंग्याखाली चाळीस वर्षं काढल्याने एक कान गेला असं ते सांगत. कोणता कान, ते मात्र नक्की नव्हतं. नको असलेलं बोलणं नेमकं त्याच कानाशी जाई. काकीच्या माहेरापासून त्यांचं घर तिसरं. देवराज गेल्याचं त्यांना कळलं नसेल हे शक्यच नव्हतं. ते आले आणि अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले की कुंती, तू इथे काय करतेस, तुझा भाऊ घरात पडलाय, तर? पानावरचे हात पानावर थांबतील. कोणी उठून ओकारी काढेल. चाळीस गावांत सांगत जातील की पोर्टातल्या त्या बाईने सुतकात वाढलं, गणपतीच्या आधी, जाणूनबुजून. मग तिच्या दारात गोदीतला हमालसुद्धा फिरकणार नव्हता.

बारा वाजता माणसं आली. गोणपाटांवर वीस-वीसच्या दोन पंगती समोरासमोर बसल्या. चंद्रमोहन बाबूंना मांडी घालून बसायची सवय राहिली नव्हती, ते एका बाजूला कलंडून बसले. एक जागा रिकामी ठेवली होती, बलराम काकांची. भगवतीने मीठ, लोणचं, ब्रेद म्हणजे पालेभाजी वाढली. काकी भात घेऊन निघाली. पेती राफ्रे गावचे जयराम कारेमाचे फार कडक. त्यांनी पान दोनदा पाण्याने पुसून घेतलं आणि तिला विचारलं, स्वयंपाक कोणी केला? ती म्हणाली, मी. घरात काही अडचण नाही ना? हे ते सगळीकडे विचारत, त्यांची पद्धतच होती. काकीच्या तोंडून शब्द फुटेना. मी घाईघाईने म्हटलं, नाही हो काका, सगळं सोवळ्यात आहे. माझ्याच तोंडून खोटं वदवून घेतलं गेलं आणि मला पत्ताही नाही. पण खरं सांगायचं तर विचारलं तिला होतं, आणि ती गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला पुढे फार दिवस टोचलं.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरं धोतर आणि काळा कोट दिसला. बलराम काका. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "या काका, ही बघा तुमच्या सूयाकची लेक, आज तिच्या हातचं जेवायचं."

काका उंबऱ्याशी थांबले. त्यांनी काकीकडे पाहिलं. ती भाताचं पातेलं पोटाशी धरून उभी होती. पातेलं तापलेलं होतं आणि तिला ते भाजतही नव्हतं. कितीतरी वेळ ते बघत राहिले असं मला वाटलं, पण तो क्षणच असेल. मग काकांनी वहाणा काढल्या, नळावर पाय धुतले आणि रिकाम्या जागी येऊन बसले.

वडील माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय आमच्यात कोणी जेवायला सुरुवात करत नाही. काकांसमोर भात आला, आमटी आली. त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, पण हात भाताला लावेनात. एकोणचाळीस माणसं थांबली. चंद्रमोहन बाबूंना शांतता सोसत नाही. ते शिष्टाचाराने म्हणाले, "मग बलराम काका, सूयाकची काय खबर?"

काकी आमटीची बादली घेऊन त्यांच्यापासून दोन हातांवर होती. तिचं पाऊल उचलेना. नंतर ती म्हणाली की त्या वेळी तिने मनात गणपतीला एवढंच म्हटलं, जे व्हायचं ते लवकर होऊ दे.

काका म्हणाले, "पाऊस पडला. ऊस बरा हाय." आणि त्यांनी घास घेतला.

एकोणचाळीस हात एकदम पानावर गेले. काकीने बादली खाली टेकवली आणि पुन्हा उचलली. मला वाटलं, ओझ्याने दमली असेल.

बलराम काका सावकाश जेवले. सगळ्यांची पानं निम्मी झाली तेव्हा त्यांनी आमटी मागितली. नंतर पुन्हा मागितली. दर वेळी काकी वाकायची, आणि दर वेळी तिला वाटायचं की आता हे हळूच काहीतरी बोलणार. ते एकच शब्द बोलत, "वाढ." जयराम काकांनी बोटं चाटली आणि म्हणाले, अशी आमटी त्यांनी आजीनंतर खाल्ली नव्हती. कुठल्याही बाईने यावर हसावं. काकीच्या डोळ्यांसमोर, तिनेच मला सांगितलं, त्यांच्या घरचा गणपती उभा होता.

जेवणं झाली. नळावर हात धुवायला रांग लागली. चंद्रमोहन बाबूंनी घड्याळ दाखवत माणसांना हॉटेलकडे हाकायला सुरुवात केली, दुपारचं सत्र दोनला होतं. मी पाण्याची घागर ठेवायला स्वयंपाकाच्या खोलीशी गेलो. मध्ये ताडपत्रीचा पडदा होता. पलीकडून बलराम काकांचा आवाज आला आणि का कोण जाणे, मी थांबलो.

त्यांनी विचारलं, सगळ्यांचे हात धुऊन झाले? ती हो म्हणाली असावी. मग ते म्हणाले, "बस आता. सांगतो. देवराज रातचा गेला."

 घागर माझ्या हातात तशीच.

काका थांबत थांबत बोलत होते. पहाटे तीनला त्याच्या दारात उभा होतो, तिथूनच बस धरली. यायचं नव्हतंच, पण तुला कोण सांगणार म्हणून आलो. दारात पाऊल टाकलं तर तू भात घेऊन उभी, समोर एवढी माणसं. "म्हटलं, जेवू दे त्यांना. जेनं आयकलं नाय तेला सुतक नाय, आपले म्हातारे सांगायचे. तुझा हात साफ ऱ्हायला पायजे होता. म्हणून गप बसलो, पोरी."

 मला तेव्हा फक्त एवढंच कळलं की बाईचा भाऊ गेला आणि या म्हाताऱ्याने तिची पंगत राखली. मला वाटलं आता ती रडेल.

काकांचं संपलं नव्हतं. गेल्या आठवड्यात देवराज अंथरुणावर होता. मी पोर्टाला जातोय, कुंतीच्या घरी जेवण हाय, असं त्याला सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून पडला. मग माझा हात धरला. म्हणाला, जेवून ये आणि मला सांग, आमटी आईसारखी होते का. "मी एक डाव माझ्यासाठी खाल्ली. दोन डाव तेच्यासाठी. आता सांगू कोणाला?"

तेव्हा ती बोलली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "काका, मला ठावं होतं. सकाळी रेडिओवर आयकलं. चूल पेटली होती. मी तरी वाढलं. तुम्हालाही वाढलं. तीनदा."

मी खालच्या मानेने उभा राहिलो. ताडपत्रीला एक भोक होतं, त्यातून काकांची पाठ दिसत होती.  सत्तर वर्षांचा कारेम पाळणारा माणूस. चार दिवसांवर गणपती. त्याच्या घरच्या मूर्तीची पूजा तोच करणार होता. बाहेर नळावर अजून पाचसहाजण होते. एक हाक मारली असती तर पुरेसं होतं.

काकांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मग आपल्या कानाला बोट लावलं.

"ह्यो कान गेला माझा. मी काय आयकलं नाय." आणि थोड्या वेळाने, "ऊठ. लुगडं बदल. दोनची बस हाय, साडेचारला मुखदर्शन हुईल."

तेव्हा तिला रडू फुटलं. एवढं मोठ्याने की भगवती धावत आली. काकांनी भगवतीला सांगितलं, हिचा भाऊ गेला, मी आताच सांगितलं. सगळ्यांना वाटलं, बाईवर केवढा अचानक घाला पडला. नळावरचे जयराम काका हळहळत आत आले आणि म्हणाले, बघा, देवाने जेवण होईपर्यंत खबर थांबवली. केवढी पुण्याई. काकीने ते ऐकून पदर तोंडात कोंबला.

दोघं बसकडे गेली. संध्याकाळी परिषद संपल्यावर चंद्रमोहन बाबूंनी मला विचारलं की म्हातारा आणि ती बाई आत एवढं काय बोलत होते. मी म्हटलं, मी काही ऐकलं नाही.

त्या जेवणाने तिचं नाव झालं. पुढच्या वर्षीही परिषद हॉटेलात आणि जेवण काकीकडे. नंतर लग्नाची बोलणी करायला शहरात येणारे, कोर्टकचेरीला येणारे, सगळे तिचा पत्ता विचारत येऊ लागले. देवराजची बायको चतुर्थीला करंज्या पाठवू लागली. पण भय काही तिला सोडेना. मी भेटलो की ती चाळीस जणांची खुशाली विचारायची, एकेकाचं नाव घेऊन. गुडलँड्सच्या गुरुजींना कावीळ झाली, तर तिने दोन दिवस अन्न घेतलं नाही. सदुसष्टच्या नोव्हेंबरात जयराम काकांनी सायकलवरून पडून पाय मोडून घेतला, तेव्हा तिने मला दारात अडवलं आणि विचारलं, हे माझ्यामुळे का? मी चिडून म्हणालो की काकी, ते दारू पिऊन पडले होते. तिला काही पटलं नाही. तेव्हाच तिने मला ती सकाळ पहिल्यापासून सांगितली. मला हे आधीच अर्धं माहीत आहे हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

बलराम काका दर वर्षी येत. तिच्यासमोर बसत, तीनदा आमटी घेत, आणि कोणी काही विचारलं तर सांगत, ऊस बरा हाय.

एकोणसत्तर साली परिषदेच्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो आणि रेडिओवर त्यांचं नाव आलं. अर्धी दाढी तशीच पुसून मी काकीकडे पळालो. वाटेत मी ठरवलं होतं की तिला आत्ता काही सांगायचं नाही. जेवणं होऊ देत, हात धुऊन होऊ देत, मग सांगू. त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

अंगणात ताडपत्री बांधलेली होती आणि पानं पुसून ठेवली होती. चूल मात्र थंड होती. तिच्यात पाणी ओतलेलं, राखेचा चिखल झालेला. काकी पायरीवर बसली होती. भगवतीचा रेडिओ पलीकडे अजून चालू होता आणि ती नळावर गेली नव्हती.

मी म्हटलं, काकी, पन्नास माणसं येताहेत. ते तुझे कोणी नव्हते. नात्याचे नाहीत, गोत्राचे नाहीत, तुला त्यांचं सुतक नाही.

ती म्हणाली, "मी आयकलंय, सुरेंद्र."

त्या दुपारी पन्नास माणसांनी हॉटेलाच्या पायऱ्यांवर बसून पाव आणि केळी खाल्ली. मॅनेजर बाहेर येऊन ओरडून गेला. काकीने तीन दिवस चूल पेटवली नाही.